हस्ताक्षरी फॉन्ट: जोड कुठे धरतो आणि कुठे सुटतो

हस्ताक्षरी फॉन्ट निवडताना आपण बहुतेक वेळा त्याचं नमुन्याचं चित्र बघून भुलतो. त्या चित्रातले शब्द फॉन्ट काढणाऱ्याने स्वतः निवडलेले असतात, त्यामुळे ते छान दिसणारच. आपल्या मजकुरात अक्षरं वेगळी येतात, वेगळ्या क्रमाने येतात आणि तिथे हाच फॉन्ट अडखळतो. सुटं अक्षर कितीही डौलदार असो, दोन अक्षरं एकमेकांना जिथे भेटतात त्या जोडावर या फॉन्टचा खरा कस लागतो. निवड, आकार, अंतर, छपाई, कापकाम या सगळ्यात पुढे येणाऱ्या अडचणी फिरून या जोडापाशीच येतात.

आधी रोमन लिपीचं बघू, कारण तिथे हा प्रकार उघड दिसतो. वळणदार रोमन लिखाणात बहुतेक लहान अक्षरांची शेवटची रेघ खाली बेसलाइनवर, म्हणजे अक्षरं ज्या रेघेवर बसतात तिच्यावर, सुटते आणि तिथूनच पुढच्या अक्षरात शिरते. बी, ओ, व्ही आणि डब्ल्यू ही अक्षरं याला अपवाद आहेत. त्यांची रेघ वरच्या बाजूला संपते. म्हणून ओ-आर, ओ-एस, व्ही-ई, डब्ल्यू-आर अशा जोड्यांत पुढच्या अक्षराचं नेहमीचं रूप चालत नाही. वरून आत शिरणारं वेगळं रूप लागतं. नीट काढलेल्या फॉन्टमध्ये अशी रूपं तयार ठेवलेली असतात आणि शेजारचं अक्षर बघून ती आपोआप बदलतात. या सोयीला कॉन्टेक्शुअल अल्टरनेट्स म्हणतात. घाईत काढलेल्या फॉन्टमध्ये सगळे जोड एकाच उंचीवर ठोकून बसवलेले असतात. तिथे ओ-आर लिहून पाहिलं की रेघ मध्येच कोसळल्यासारखी खाली येते. दुसरी परीक्षा जोडीने येणाऱ्या सारख्या अक्षरांची: एल-एल, ई-ई, टी-टी. दोन्ही अक्षरं हुबेहूब एकसारखी दिसली की हाताचा भास तिथेच संपतो. चांगल्या फॉन्टमध्ये प्रत्येक वारंवार येणाऱ्या अक्षराची निदान दोन रूपं असतात आणि ती आलटून पालटून येतात.

यंत्राला हा जोड कायमच जड गेला आहे. खिळ्यांच्या छपाईत प्रत्येक अक्षर धातूच्या चौकोनी ठोकळ्यावर असायचं. तिरक्या अक्षराचा फराटा ठोकळ्याबाहेर काढला तर तो दाबाखाली मोडण्याची भीती, आत ठेवला तर अक्षरांमध्ये फट. १५०१ साली व्हेनिसमध्ये आल्डस मॅन्युशियसच्या छापखान्यातून फ्रांचेस्को ग्रिफोने कोरलेली इटॅलिक अक्षरं पुस्तकात आली. ती हाताच्या वळणावरून घेतलेली होती, पण सुटी होती. जोडलेली लिखावट खिळ्यात आणण्याचं कसब विसाव्या शतकात बरंच पुढे गेलं. रॉजर एक्स्कोफों याचा १९५३चा मिस्ट्राल हा फॉन्ट अजूनही अभ्यासण्याजोगा आहे: त्याची लहान अक्षरं धातूतही एकमेकांना जोडली जात. पुढे फोटोटाइपसेटिंगने, म्हणजे छायाचित्रणाने अक्षरं जुळवण्याच्या पद्धतीने, ठोकळाच नाहीसा केला आणि मॅथ्यू कार्टरने १९६५मध्ये स्नेल राउंडहँडसारखी तिरकी, अखंड जोडलेली अक्षरं त्या यंत्रासाठी आखली. ओपनटाइप या फॉन्ट साठवण्याच्या पद्धतीमुळे शेजार बघून अक्षर बदलण्याची सोय फॉन्टच्या फाइलमध्येच आली. आज आपण जे वापरतो ते या शेवटच्या टप्प्यातलं.

देवनागरीत शिरोरेषेचा पेच

देवनागरीत अक्षरं शिरोरेषेने आधीच जोडलेली असतात, त्यामुळे काम सोपं असेल असं वाटतं. ते उलट अवघड आहे. कागदावर लिहिताना आपण शब्दातली अक्षरं आधी काढतो आणि मग वरून एका झटक्यात रेघ ओढतो. ती रेघ जराशी चढते, जराशी उतरते, शेवटी थोडी बाहेर जाते. फॉन्टला मात्र सबंध शब्दाची रेघ ठाऊक नसते. प्रत्येक अक्षर आपल्या डोक्यावर शिरोरेषेचा आपला तुकडा घेऊन येतं, आणि कोणत्याही अक्षरापुढे कोणतंही अक्षर येऊ शकतं. म्हणून प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं एकाच उंचीवर आणि एकाच जाडीची ठेवावी लागतात. हाताची थरथर दाखवायची ती फक्त मधल्या भागात. आणि हीच गोम आहे: प्रत्येक अक्षरावर मधोमध एक बारीक उंचवटा आला की ओळभर एकसारखी लाट दिसते, आणि डोळ्याला ती लगेच यंत्राची वाटते.

यातून सुटायच्या तीन वाटा आहेत. पहिली, शिरोरेषा सरळ ठेवायची आणि हातपणा खालच्या वळणांत, कान्यात, वेलांटीत आणायचा. वाचनीयतेसाठी माझ्या मते हीच सर्वात भरवशाची वाट. दुसरी, प्रत्येक अक्षराची रेघ आखूड ठेवून मुद्दाम फटी सोडायच्या. ही वाट मोकळ्याढाकळ्या लिखाणाला शोभते, पण दोन शब्दांमधली जागा त्या फटींपेक्षा ठळकपणे मोठी असावी लागते, नाहीतर शब्द कुठे संपला तेच कळत नाही. तिसरी, शिरोरेषाच काढून टाकायची. इथे भ आणि म, ध आणि घ यांच्यातला फरक धोक्यात येतो, कारण तो फरक बराचसा डोक्यावरच्या तुटक रेघेवर आणि गाठीवर उभा आहे. अशा फॉन्टमध्ये भ आणि ध यांची गाठ मोठी, उघडी काढलेली आहे ना, ते आधी बघावं.

मोडीत हा प्रश्न मुळातून वेगळ्या रीतीने सुटला होता. तिथे ओळभर रेघ आधी ओढायची आणि मग बोरू शक्य तितका कमी उचलत अक्षरं तिला खाली लटकवत जायची. मोडीला २०१४ मध्ये युनिकोड ७.०मध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या संचात, जागा मिळाली. जलद, जोडून लिहिलेल्या मराठीचा अभ्यास करायचा असेल तर देवनागरी फॉन्ट काढणाऱ्याने मोडीचे जुने कागद जरूर बघावेत; काना आणि वेलांटी एका रेघेत कशी वळते हे तिथे नीट दिसतं.

रोमन आणि देवनागरी हस्ताक्षरी फॉन्ट शेजारी लावायचे असतील तर एक गोष्ट पक्की ध्यानात असू द्या. रुंद निबने लिहिताना देवनागरीसाठी निब उलट्या बाजूला तिरकी कापतात, त्यामुळे जाड-बारीक रेघांचा कल रोमनच्या उलट पडतो. एकाच ओळीत दोन्ही आले की दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या टाकांनी लिहिल्यासारखं दिसतं. दोन्ही लिप्यांत सारख्या जाडीची रेघ, म्हणजे मार्कर किंवा जेल पेनसारखी, निवडली तर हा झगडा उरत नाही. कलम हा इंडियन टाइप फाउंड्रीचा फॉन्ट याच कारणासाठी उपयोगी पडतो: देवनागरी आणि रोमन दोन्ही एकाच हातची, लाइट, रेग्युलर, बोल्ड अशा तीन जाडींत, आणि परवाना खुला.

मराठीची परीक्षा

फॉन्ट घेण्याआधी तो मराठी शब्दांवर तपासावा. पुढचे शब्द टाइप करून ते ४८ पॉइंटला एकदा आणि १४ पॉइंटला एकदा बघावेत: दुसऱ्या, कर्मेंद्रिय, निर्मिती, सर्वांची, राष्ट्र, स्त्रिया, निष्क्रिय, वाङ्मय, उज्ज्वल, बुद्धी, हृदय, रुजू, रूप, ॲप, डॉक्टर, बाळ, खरवस, ननंद.

दुसऱ्यामध्ये चंद्रकोरीसारखा अर्धा र यायला हवा. त्याजागी खाली टिंब असलेला आणि पाय मोडलेला र दिसला तर फॉन्ट मराठीसाठी तपासलेलाच नाही. कर्मेंद्रिय आणि सर्वांची यांत रफार आणि अनुस्वार एकाच जागेसाठी भांडतात. ते एकमेकांवर चढता कामा नयेत. स्त्रिया आणि निष्क्रियमध्ये ऱ्हस्व वेलांटीची कमान बघा. जोडाक्षर रुंद असलं की कमानही लांब लागते. एकाच मापाची वेलांटी सगळीकडे वापरली असेल तर ती अर्ध्यावरच संपते. खरवसमध्ये ख हा र आणि व असा फुटून दिसत नाही ना, ते तपासा, कारण ब्रशच्या अक्षरांत ही चूक फार आढळते. १४ पॉइंटला ब आणि व, ष आणि प, थ आणि य यांत फरक राहतो का तेही पाहा: ब आणि ष यांच्या पोटातली बारीक रेघ लहान आकारात सगळ्यात आधी बुजते. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामा चौकोन येऊ शकतो.

ल आणि श मराठी वळणाचे हवे असतील तर मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवावी लागते. फॉन्टमध्ये ती रूपं असली तरी सॉफ्टवेअर भाषा हिंदी समजत असेल तर ती येत नाहीत. वेबपानावरही भाषेचं खूण-चिन्ह मराठीचंच द्यावं.

देवनागरीतले अनेक देखणे सुलेखनाचे फॉन्ट अजून जुन्या, युनिकोडपूर्व पद्धतीचे आहेत. त्यांत पडद्यावर मराठी दिसते, फाइलमध्ये मात्र रोमन चिन्हं साठवलेली असतात. मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये नेला की निरर्थक चिन्हं उरतात, शोध लागत नाही, स्क्रीन रीडर वाचू शकत नाही. छापायच्या शीर्षकापुरते ते वापरायला हरकत नाही. शीर्षकाचं आउटलाइन करून टाकावं, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करावेत, आणि तोच मजकूर युनिकोडमध्ये वेगळा जपून ठेवावा.

आकाराचं गणित

टोकदार निबच्या औपचारिक वळणात बारीक रेघ फार बारीक असते. ती छापली जाईल का, हे मोजता येतं. रेघेची जाडी फॉन्टच्या एककांत घ्या, तिला पॉइंट साइजने गुणा आणि एका एममधल्या, म्हणजे फॉन्टच्या आकाराएवढ्या चौकोनाच्या उंचीतल्या, एककांनी भागा. समजा एम १००० एककांचा आहे आणि बारीक रेघ २० एककांची. १२ पॉइंटला ती ०.२४ पॉइंट, म्हणजे साधारण ०.०८५ मिलिमीटर भरते. ३६ पॉइंटला ०.७२ पॉइंट, म्हणजे पाव मिलिमीटर. पांढऱ्यावर एका रंगात छापताना ०.२५ पॉइंटच्या खाली जाऊ नये, आणि गडद पार्श्वभूमीतून पांढरी अक्षरं काढायची असतील तर ०.५ पॉइंटच्या खाली जाऊ नये, कारण चारही बाजूंची शाई आत सरकते आणि रेघ गिळते. म्हणजे याच फॉन्टला उलट छपाईत किमान २५ पॉइंट हवेत. पडद्यावर १६ पिक्सेलला तीच रेघ एक तृतीयांश पिक्सेलची होते आणि फिकट राखाडी दिसते. सबंध एक पिक्सेल मिळायला ५० पिक्सेलचा आकार लागतो.

रोमन हस्ताक्षरी फॉन्टमध्ये आणखी एक फसगत आहे. मोठे फराटे मावावेत म्हणून लहान अक्षरांची उंची एमच्या ०.३ पट इतकीच ठेवलेली असते. साध्या मजकुराच्या फॉन्टमध्ये ती ०.५च्या आसपास असते. त्यामुळे १२ पॉइंटचं हस्ताक्षर शेजारच्या मजकुराच्या जेमतेम ७ पॉइंटएवढं दिसतं. आकड्यावर जाऊ नका, अक्षराची उंची जुळवा.

ओळींमधलं अंतर देवनागरीत आकाराच्या दीडपट ते पावणेदोनपट ठेवावं. वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असतात. वरच्या ओळीचा लांब शेपटीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकला की दोन्ही ओळी खराब होतात. दोनच ओळींचं शीर्षक असेल तर अंतर वाढवण्याऐवजी शब्द दुसऱ्या जागी तोडून बघावेत. बऱ्याचदा टक्कर तिथेच सुटते.

जोड तुटतो तो असा

अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवायचं. जोडलेल्या फॉन्टला लेटर-स्पेसिंग दिलं की रेघा सुटतात, आणि ब्राउझर अंतर दिलेल्या मजकुरात ऐच्छिक लिगेचर (एकत्र काढलेली जोड-अक्षरं) लावणंही थांबवतो. लेआउटच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्निंग, म्हणजे दोन अक्षरांमधलं अंतर जुळवणं, ऑप्टिकलवर असेल तर ते मेट्रिक्सवर, म्हणजे फॉन्टमध्येच दिलेल्या अंतरावर, आणावं, कारण ऑप्टिकल पद्धत अक्षरांचे आकार बघून स्वतःच अंतर ठरवते आणि बनवणाऱ्याने बसवलेला जोड हलवते. दोन्ही कडा सारख्या करणारी मांडणीही टाळावी, किंवा निदान तिच्यात अक्षरांमधलं अंतर बदलायची मुभा बंद करावी. वर्डमध्ये कॉन्टेक्शुअल अल्टरनेट्स आणि लिगेचर फॉन्टच्या ॲडव्हान्स्ड खिडकीत जाऊन चालू करावे लागतात. ते न केल्याने चांगला फॉन्टही सुमार वाटतो. ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची वेलांटी चुकीच्या बाजूला गेली किंवा जोडाक्षरं सुटली तर फॉन्टला दोष देण्याआधी परिच्छेदाचा कंपोझर (ओळी जुळवणारी सोय) वर्ल्ड-रेडी केलेला आहे का ते बघावं.

रोमन हस्ताक्षरी फॉन्टमध्ये सबंध शब्द कॅपिटलमध्ये लिहू नये. ती कॅपिटल अक्षरं पुढे लहान अक्षर येणार हे धरूनच काढलेली असतात. ती एकापुढे एक आली की फराटे एकमेकांत गुंततात. फॉन्टला बोल्ड रूप नसताना बोल्डचं बटण दाबलं तर सॉफ्टवेअर सगळीकडून सारखी जाडी चढवतं, गाठी बुजतात. मुळात तिरक्या अक्षराला इटॅलिक लावणंही तसंच.

गोलावर मजकूर फिरवताना देवनागरीला खास त्रास होतो. वर्तुळाच्या वरच्या बाजूने शब्द बसवला की अक्षरांचे पाय जवळ येतात आणि डोकी फाकतात. रोमनचा जोड पायाशी असल्याने तो बहुधा टिकतो, आपला डोक्यावर असल्याने शिरोरेषेत पाचरीसारख्या फटी पडतात. उपाय दोन: त्रिज्या मोठी घ्यावी, किंवा सरळ ओळीत लिहून आउटलाइन करावं, सगळे आकार एकत्र जोडावेत आणि मग आर्क वॉर्पने वाकवावं. दुसऱ्या उपायात शिरोरेषा अखंड कमान होऊन येते.

आउटलाइन केल्यावर प्रत्येक जोडात दोन आकार एकमेकांवर चढलेले असतात. नुसती भरीव छपाई असेल तर ते दिसत नाही. भोवती रेघ दिली, अर्धपारदर्शक रंग दिला किंवा व्हिनाइल कापायला पाठवलं की लगेच दिसतं. कटरचं पातं प्रत्येक जोडातून आडवं जातं आणि शब्दाचे तुकडे हातात येतात. म्हणून कापकामाच्या आधी युनियन किंवा वेल्ड ही आकार एकसंध करणारी आज्ञा द्यायलाच हवी. स्टेन्सिलसाठी त्याच्या उलट काळजी: ठ, व, ब, म यांच्या पोटातली बेटं गळून पडतात, त्यांना धरून ठेवणारे पूल आधी काढावे लागतात. भरतकामात सॅटिन टाक्याची, म्हणजे खेटून घातलेल्या आडव्या टाक्यांची, पट्टी साधारण एक मिलिमीटरच्या खाली नीट बसत नाही, त्यामुळे जाड-बारीक वळणापेक्षा एकाच जाडीचं अक्षर घ्यावं. पेन प्लॉटरला, म्हणजे पेन धरून रेघा काढणाऱ्या यंत्राला, तर नेहमीचा फॉन्टच चालत नाही; तो अक्षराच्या दोन्ही कडा गिरवतो आणि पोकळ अक्षर काढतो. तिथे एकरेघी फॉन्ट लागतात. ॲलन हर्शी यांनी १९६०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत असे फॉन्ट तयार केले आणि त्यांतली जोडलेली लिखावट अजून कोरकामात वापरली जाते.

कुठे वापरावा

नाव, सही, एका ओळीचं शीर्षक, मुखपृष्ठ, निमंत्रणाची पहिली ओळ, फोटोखालची टीप, प्रमाणपत्रावरचं नाव: चार ते आठ शब्दांपर्यंत हस्ताक्षरी फॉन्ट उत्तम काम करतो. प्रमाणपत्रावर नावं यादीतून आपोआप भरायची असतील तर यादीतलं सर्वात लांब आणि सर्वात जास्त जोडाक्षरांचं नाव आधी बसवून बघावं आणि आकार त्यावरून ठरवावा. फोन नंबर, पत्ते, औषधांची नावं, सूचना, करार यांसाठी हा फॉन्ट नको. तिथे एक अक्षर चुकीचं वाचलं गेलं तरी नुकसान होतं. मुलांच्या गिरवण्याच्या पानांसाठीही सजावटी वळण नको, तिथे रेघ कुठून सुरू होते हे स्पष्ट दिसणारं साधं अक्षर हवं. शेजारचा मजकूर शांत, सरळ फॉन्टमध्ये ठेवावा. एका पानावर दोन हस्ताक्षरी फॉन्ट लावले तर दोघांचंही वळण मारलं जातं.

परवाना वाचल्याशिवाय कोणतंही काम छपाईला देऊ नये. फक्त वैयक्तिक वापरासाठी अशी अट असलेला फॉन्ट पैसे घेऊन केलेल्या कामात चालत नाही. वेबसाइट, ॲप आणि छपाई यांचे परवाने वेगवेगळे असू शकतात. ओपन फॉन्ट लायसन्सखालचे फॉन्ट व्यवसायात वापरता येतात, बदलताही येतात. तो फॉन्ट एकटाच विकता मात्र येत नाही.

स्वतःच्या अक्षरावरून फॉन्ट करायचा असेल तर

प्रत्येक अक्षर तीन-चार सेंटिमीटर उंच, एकाच पेनने, एकाच बैठकीत, निदान पाच वेळा लिहावं. सुटं न लिहिता शब्दात लिहावं आणि नंतर वेगळं काढावं. सुटं लिहिलेलं अक्षर नेहमी अवघडलेलं येतं. ६०० डीपीआयवर स्कॅन करून काळं-पांढरं करावं आणि इंकस्केपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस करावं. आपोआप ट्रेस झालेल्या आकारात बिंदूंची गर्दी असते. ते कमी करून वळणाच्या सर्वात वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या टोकाला एकेक बिंदू ठेवावा. मग फॉन्टफोर्ज किंवा ग्लिफ्स या फॉन्ट बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आणून सगळ्यांची शिरोरेषा एका उंचीवर आणि एका जाडीत बसवावी. शिरोरेषेचा तुकडा अक्षराच्या रुंदीपेक्षा १० ते २० एकक उजवीकडे जास्त ठेवावा. दोन तुकडे नेमके टोकाला टोक लावून ठेवले तर पडद्यावर कडा मऊ करताना मध्ये बारीक फिकट रेघ दिसते. एकमेकांवर थोडे चढले की ती जाते.

देवनागरीचा युनिकोडमधला मूळ संच १२८ जागांचा आहे, पण काम त्यावर भागत नाही. अर्धी अक्षरं, रफार, रकार, वेलांटीची तीन-चार मापं आणि द्ध, ट्ट, ह्म, ज्ञ, क्ष, श्र यांसारखी जोडाक्षरं वेगळी काढावी लागतात. आधी अर्धी अक्षरं पूर्ण करावीत, कारण मराठी मजकूर त्यांच्यावर बराचसा चालतो. मग काना आणि वारंवार येणाऱ्या र, त, न, क, म यांची दुसरी रूपं काढावीत. ती काढताना आकार फार बदलू नयेत: कान्याची लांबी थोडी कमी-जास्त, टोकाचा झोल थोडा वेगळा, एवढं पुरतं. दुसरं रूप वेगळ्या दिवशी, वेगळ्या मनःस्थितीत लिहिलेलं असेल तर ते शब्दात परकं दिसतं. पहिल्या बैठकीतल्या पाच नमुन्यांतूनच ते निवडावं.